परत येणार असं धरून

1600 मीटर, साडेपाच मिनिटं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात सैन्यभरतीचा हा हिशोब शाळेत न गेलेल्या आज्यांनाही पाठ असतो. नातू पहाटे पळून आला की पाण्याचा तांब्या हातात देता देता आजी विचारते, "किती आलं रं आज?" पाच-चाळीस म्हणाला तर तिचा चेहरा उतरतो. साडेपाचच्या आत आला तर पूर्ण 60 गुण, पुढं ते कमी होतात, हे तिला ठाऊक असतं. बीमवर दहा पुलअप्स मारले की 40. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचं, त्याला गुण नाहीत, नुसतं पास व्हायचं. उंची 168 सेंटीमीटर, छाती 77, फुगवून आणखी 5. पोरगं दहावीत असतानाच गल्लीतली माणसं नजरेनं त्याची उंची मोजतात आणि परस्पर ठरवून टाकतात, "हा मिलिटरीत जाणार."

माझ्या भाच्याचंही असंच परस्पर ठरलेलं होतं. दादाचा मुलगा तो, एकोणीस वर्षांचा. बारावी झाली, बी.ए.ला नाव घातलं, आणि पहाटे साडेचारला भरती अकॅडमीच्या पोरांबरोबर पुसेगावच्या रस्त्याला पळायला जायला लागला. घरात कुणी त्याला काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. मग दिवाळीत मी माहेरी गेले होते तेव्हा भांडी घासायच्या जागी माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आत्ती, पुढची भरती निघंल आता. भरू का फॉर्म? खरं सांग."

मला त्याचा प्रश्न फार मोलाचा वाटला. आमच्याकडे मुलगा भरतीला जातो ते ऊस तुटून कारखान्याला जावा इतक्या सहज. आपण जावं का, असं विचारणारा मुलगा मी पहिल्यांदा पाहिला. मी हवालदाराची मुलगी आहे, माध्यमिक शाळेत शिकवते, वर्गात दरवर्षी अशी उंच पोरं बघते. तरी त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही. नंतर बरेच दिवस मी त्याच्याशी मनातल्या मनात, आणि मग समोरासमोरही, बोलत राहिले. तेच इथं लिहितेय.

आधी जमीन. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला पाचशेच्या आसपास. एकाच कलेक्टर कचेरीखाली इतकं अंतर. आता कालव्याचं पाणी काही गावांना आलंय, पण आमच्या आधीच्या चार पिढ्यांनी ज्वारी, बाजरी आणि वाट पाहणं यांवरच दिवस काढले. त्या रानातून बाहेर पडायच्या वाटा तीन. एक मुंबई, माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहायची. 1969 चा माथाडी कायदा झाला तेव्हा कुठं त्या कामाला हजेरी, फंड, दवाखाना असलं काही लाभलं. दुसरी गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा. खानापूर-आटपाडीकडची आणि आमच्या भागातलीही माणसं त्यासाठी पार बंगाल, तमिळनाडूपर्यंत पसरली. आणि तिसरी मिलिटरी. कोणाच्या घरात कोणती वाट चालत आलीय यावर सोयरिकी ठरायच्या. आमच्या घरात तिसरी होती.

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. सरकारी कागदावरसुद्धा त्याच्या नावाला 'मिलिटरी' जोडलेलं असतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. मी शाळेची सहल घेऊन तिथं गेले आहे, मुलांना स्मारकापाशी उभं केलं आहे. तिथं भाषण करणं सोपं असतं, पोरांच्या अंगावर काटा उभा राहतो आणि तो खोटा नसतो. पण त्या 46 जणांपैकी किती जण दुष्काळाला कंटाळून गेले असतील, किती जण थोरल्या भावाच्या डोक्यावरचं सावकाराचं देणं फेडायला गेले असतील, आणि किती जण गावाबाहेरचं जग एकदा बघावं म्हणून गेले असतील, हे त्या दगडावर लिहिलेलं नाही. ज्या साम्राज्यासाठी ते मेले ते तर त्यांचं नव्हतंच. तरीही त्यांच्या पलटणीची शान त्यांची स्वतःची होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची सुरुवात 1768 ची, आणि आजही तिचा दिवस साजरा होतो तो 4 फेब्रुवारीला, कोंढाणा घेतला त्या 1670 च्या आठवणीत. माझे वडील, आबा, त्या दिवशी पदकं लावून सकाळी अंगणात उभे राहायचे. बेळगावच्या सेंटरमध्ये त्यांची शपथ झाली होती, तिथलं परेडचं मैदानसुद्धा ते आईच्या माहेराबद्दल बोलावं तशा मायेनं सांगायचे.

पोटासाठी गेले असं म्हटलं की काही लोकांना राग येतो, देशासाठी गेले म्हटलं की काहींना हसू येतं. मला दोन्ही लोकांना साताऱ्यातलीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला आले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी लहान भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं, आणि तो दिवस आता आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या नावनोंदणीच्या मागं काय होतं? एक लिहितावाचता सुभेदार, फौजेत मिळालेलं शिक्षण आणि पेन्शन. आणि नेमकी त्याच काळात इंग्रजांनी महार समाजाची फौजभरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकर स्वतः माजी सैनिक. आमच्या लोकांना पुन्हा फौजेत घ्या म्हणून त्यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर काही वर्षांतच मोडली. शेवटी बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, आणि 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते त्यांनी बंदूक खांद्यावर घ्यायचा हक्क मागून घेतला. त्यांना पगार हवा होता, पोरांना शाळा हवी होती आणि माणूस म्हणून ताठ उभं राहायचं होतं. यातलं कुठलं कारण कमी प्रतीचं, हे मला कुणी सांगावं.

म्हणून भाच्याला मी हे तरी सांगणारच होते: तुझ्या मनात पगार असेल तर लाजू नकोस.

पण पगार किती, आणि किती दिवस, इथं येऊन आबांची नोकरी आणि त्याची नोकरी वेगळ्या होतात. घरातले सगळे थोरले त्याला जो सल्ला देतात तो आबांच्या नोकरीवरून देतात, माझी खरी काळजी ती आहे.

आबांची नोकरी मला बाहेरून माहीत आहे, घराच्या बाजूनं. पत्त्यावर नाव, नंबर, पलटण आणि शेवटी '56 ए.पी.ओ.' हे फौजेच्या टपाल कचेरीचं नाव, एवढंच. आबा राजस्थानात आहेत की बर्फात, हे त्या पत्त्यावरून आईला कधी कळलं नाही. पत्र पोचायला लागणाऱ्या दिवसांवरून ती अंदाज बांधायची. वर्षाची दोन महिन्यांची सुट्टी, ती बहुतेक पेरणीच्या नाहीतर लग्नसराईच्या वेळी मागून घेतलेली. आबा आले की पहिले काही दिवस आम्हाला ते परके वाटायचे. मोठ्यानं बोलायचे, पहाटे उठून पांघरुणाच्या घड्या चौकोनी घालायचे, आणि आम्ही ओळखीचे होईपर्यंत निघायची वेळ झालेली असायची. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव, आत शेंगदाण्याची चटणी, भडंग, सांडगे. एस.टी.नं पुण्याला, तिथून झेलम एक्सप्रेसनं जम्मूकडं. झेलमच्या डब्यात निम्मी माणसं आपलीच असतात असं ते सांगायचे, आणि आईला तेवढाच धीर यायचा.

आई मात्र त्या सगळ्या वर्षांत शेतकरी होती, बाप होती, सोसायटीचं कर्ज फेडणारी होती. फौजीची बायको म्हणून तिला मान होता हे खरं, आणि रात्री दाराला आतून पाटा लावून ती झोपायची हेही खरं. सैन्यात जायचं ठरवतो तो मुलगा एकटा. त्याच्या पाठीमागं घरातल्या बायकांची नोकरी आपोआप सुरू होते. भाच्याचं अजून लग्न नाही. पण त्याची आई आहे.

आणि त्या सगळ्याच्या बदल्यात काय मिळालं, तेही लपवू नये. पंधरा वर्षं भरली की पेन्शन लागू व्हायचं. आबा चाळिशीच्या आत निवृत्त झाले, मग साताऱ्यात बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून राहिले. पगार वेगळा, पेन्शन वेगळं. माझं बी.एड. त्या पेन्शनवर झालं. दादाची विहीर त्यावर झाली. आबा गेल्यानंतर कौटुंबिक निवृत्तिवेतन आईच्या नावानं सुरू झालं, माजी सैनिकांचा दवाखाना तिला राहिला, आणि म्हातारपणी सुनेकडं औषधाला पैसे मागायची वेळ तिच्यावर आली नाही. दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं हा तिचा सण होता.

14 जून 2022 ला अग्निपथ योजना (चार वर्षांपुरती सैन्यभरती, त्यात घेतलेले ते अग्निवीर) जाहीर झाली तेव्हा गावातली माजी सैनिक मंडळी देवळासमोर बसून जे बोलली त्याच्या मुळाशी ही पासबुकं होती. त्याआधी कोरोनाच्या काळात दोन वर्षं भरती मेळावेच झाले नव्हते. ज्यांचं ग्राउंड आणि मेडिकल आधीच झालं होतं, फक्त लेखी परीक्षा राहिली होती, अशा पोरांची ती अर्धी भरती रद्द झाली. साडेसतरा ते एकवीस ही वयाची अट त्या एका वर्षापुरती तेवीसपर्यंत वाढवली, तरी काहींचं वय गेलंच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, एप्रिल 2023 मध्ये तिथंही योजना कायम राहिली. ती पोरं मी बघितली आहेत. चार-चार वर्षं रस्त्यावर पळालेली, पायाला गाठी आलेली. त्यातला एक आता मालवाहू टेम्पो चालवतो आणि अजूनही पहाटे उठतो. शरीराला सवय लागलीय म्हणतो.

आता नव्या कराराचे आकडे. ते मी भाच्यासमोर वहीवर लिहिले, कारण अकॅडमीत त्याला पळायचे आकडे पाठ करून घेतले होते, हे कुणी समजावलं नव्हतं. चार वर्षं, त्यातच प्रशिक्षण धरलेलं. पहिल्या वर्षी महिना 30,000, हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. दर महिन्याचा तीस टक्के हिस्सा सेवा निधीत जातो, सरकार तेवढेच घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण 11 लाख 71 हजार रुपये करमुक्त हातात येतात. सुट्टी वर्षाला तीस दिवस, आबांच्या निम्मी. चार वर्षांनंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतात. बाकीचे परत. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दवाखाना नाही.

त्यानं वही स्वतःकडं ओढून घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "मी त्या पंचवीसमधे यीन की."

एकोणीस वर्षांच्या मुलानं असंच म्हणावं. तसं वाटलं नाही तर तो पळणारच नाही. पण त्याच्या तुकडीतल्या शंभरच्या शंभर जणांना असंच वाटत असणार, आणि त्यातले पंच्याहत्तर काही कमी पळणारे, कमी शूर असणार नाहीत. योजनाच तशी आहे, पंच्याहत्तरांना परतच यायचं आहे.

दादाचं गणित आणखी वेगळं. माझा दादा स्वतः भरतीला गेला होता. ग्राउंड काढलं, मेडिकलला कानात दोष निघाला आणि तो घरी आला. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. आता पहाटे चारला उठून तो मुलाच्या मागं मोटारसायकलवर जातो, मोबाइलवर वेळ लावतो, परत आल्यावर त्याला दूध-अंडी देतो, आणि मुलाच्या कानात तेल घालू नका म्हणून वहिनीला ओरडतो. त्याचं हे प्रेम बघून मला भरून येतं. पण मुलगा धावतो त्यातलं किती अंतर स्वतःसाठी आणि किती बापासाठी, हे त्या मुलाला तरी वेगळं करता येत असेल का? आणि त्या 11 लाख 71 हजारांचं काय होणार तेही घरात ठरून गेलंय: पाइपलाइन, धाकटीचं लग्न, उरले तर वरचा स्लॅब. पोरगं अजून भरती झालेलं नाही आणि त्याचे चौथ्या वर्षाचे पैसे खर्ची पडलेत. हे मी दादाला तोंडावर म्हणाले. तो रागावला नाही, नुसता गप्प झाला. मला वाटतं, त्यालाही ते तेव्हाच लक्षात आलं.

जिवाचं बोलणं आमच्या घरात कुणी काढत नाही. अपशकुन मानतात. मी काढलं, कारण ते न बोलता हा निर्णय पुरा होत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचिनमध्ये गेला. शेतकऱ्याचा मुलगा. मोहिमेवर प्राण गेलेला पहिला अग्निवीर अशी त्याची नोंद झाली. त्याच्या घरच्यांना काय मिळणार यावर टीव्हीवर दोन दिवस वाद चालला, आणि आमच्या भागातल्या घराघरांत बायका टीव्हीसमोर बसून तो ऐकत होत्या. 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवा निधी, उरलेल्या मुदतीचा पगार. रक्कम मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण नेहमीच्या सैनिकाच्या कुटुंबाला मिळतं तसं महिन्याचं निवृत्तिवेतन त्यात नाही. ज्यांनी विधवा बाईचं घर जवळून पाहिलंय त्यांना हा फरक समजेल. एकरकमी पैसा आला की त्याला दीर, भाऊ, जावई असे वाटेकरी फुटतात. महिन्याला थोडा थोडा येणारा पैसा मात्र बाईच्या नावावर राहतो आणि त्याच्याबरोबर तिचा शब्दही घरात राहतो. माझ्या आईचा राहिला. सरकारनं या एका गोष्टीचा पुन्हा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. सीमेवरची गोळी, समोरचा माणूस चार वर्षांच्या नोकरीचा की सतरा वर्षांच्या, हे विचारत नाही.

मरण्याबद्दल बोललो, तसं मारण्याबद्दलही बोलायला हवं होतं. शिकवताना मी मुलांना माणसानं माणसाशी कसं वागावं हे सांगते, मग माझ्याच घरातला मुलगा बंदूक हातात घेणार असताना मी हे टाळू कसं? मी विचारलं, "समोर तुझ्यासारखंच पोरगं उभं राहिलं तर? हुकूम आला तर?" तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्ती, ते आत्ता इथं बसून नाय सांगता यायचं. पण माझ्या बाजूला जो उभा असंल त्याला मी एकटा सोडणार नाय, एवढं सांगतो." आबांना आम्ही लहानपणी असलं काही विचारलं की ते उठून गोठ्यात जायचे. नातवानं निदान बसून उत्तर दिलं. मला ते खरं वाटलं. त्याला मोठाली वाक्यं फेकता आली असती, मोबाइलवर हवी तेवढी मिळतात. त्यानं ती फेकली नाहीत.

मग मी त्याला सोपं विचारलं. "तुला तिथलं काय हवंय?"

मला वाटलं होतं तो वर्दी म्हणेल. तो म्हणाला, "अकॅडमीत पळताना आवडतंय. तिथं कुणाचा बाप सरपंच हाय का कुणाचा गडी हाय, कोण बघत नाय. टाइम बघत्यात. आणि मला हितनं बाहेर पडायचंय एकदा. बर्फ बघायचाय." थोडं थांबून, "आणि कोणतरी मला नीट शिकवावं असं वाटतंय. काहीही. पण नीट."

हे शेवटचं मला लागलं, मी शिक्षिका असल्यामुळं जास्तच. कॉलेजात तास होत नाहीत, आयटीआयच्या चांगल्या ट्रेडला नंबर लागत नाही, पोलीस भरतीची जाहिरात कधी येईल सांगता येत नाही. एका जागेला कितीतरी अर्ज. अशात एक संस्था असते जी सकाळी उठवते, खायला घालते, चूक दाखवते, बरोबर आलं की शाबासकी देते. वाढत्या वयाच्या मुलाला त्याची भूक असते, आणि ती भूक भागवायला आम्ही बाकीच्यांनी फारसं काही केलेलं नाही. मुलींचंही तसंच. मिलिटरी पोलीस दलात मुली घ्यायला लागल्यापासून माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी पहाटे पळतात. त्यांच्या घरून विरोध होतो तो लढाईच्या भीतीनं नाही, अंधारात रस्त्यावर जायचं म्हणून होतो.

माझं मत शेवटी त्याला सांगितलं ते असं. जायचं तर परत येणार असं धरून जा. त्या पंचवीसमधे येशील म्हणून जाऊ नकोस. असं समज की तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी तू पुसेगावच्या स्टँडवर उतरणार आहेस, खात्यावर साडेअकरा-पावणेबारा लाख आहेत, पेन्शन नाही, आणि बरोबरीच्या पोरांनी कुठं कुठं पाय रोवलेत. असं सगळं डोळ्यांपुढं ठेवूनही ती चार वर्षं तुला हवीशी वाटतात का? तिथलं शिकणं, तिथली माणसं, ते बर्फ, तो धोका, हे त्या चार वर्षांपुरतंच मिळालं तरी चालेल का? चालेल असं आतून आलं तर जा, मी तुझ्या आईजवळ राहीन. आणि पेन्शनच्या आशेनं, नाहीतर दादाचं राहिलेलं पुरं करायला म्हणून जाणार असशील तर जाऊ नकोस. दादाला मी समजावीन. केंद्रीय सशस्त्र दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, वयात सवलत आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठानं त्यांच्यासाठी पदवीचा वेगळा अभ्यासक्रम काढलाय. ते सगळं वापरायचं. पण पहिल्या तुकडीची चार वर्षंच मुळी 2026 च्या अखेरीपासून संपायला लागतात. परत आलेल्या मुलांचं पुढं कसं होतं, हे अनुभवानं सांगणारं माणूस अजून आपल्या गावात नाही. तुमचीच पिढी ती पहिली असणार.

दादाला आणि वहिनीला बसवून वेगळं सांगितलं. सेवा निधीवर कर्ज काढायचं नाही, तो पैसा त्याच्या नावावर राहील. पाइपलाइनचं बघू, मी काही घालीन. त्याचं बी.ए. चालू राहील. आणि तो परत आला तर घरातल्या कुणाच्या तोंडून 'काढून टाकला' हा शब्द निघायचा नाही. गावात निघेलच. आमच्याकडं फौजेतून लवकर परतलेल्या माणसाकडं अजून संशयानं बघतात, काहीतरी भानगड केली असणार म्हणतात. सोयरीक ठरवताना तर हमखास विचारतात. ज्या योजनेत चारातले तीन परत यायचेत तिथं ही बोलण्याची सवय किती पोरांना आयुष्यभर टोचेल, याचा विचार गावानं आत्ताच करायला हवा. मी येत्या माजी सैनिक मेळाव्यात हे बोलणार आहे. आबांच्या बरोबरीचे जे थोडे उरलेत, त्यांनी सांगितलं तर लोक ऐकतील.

त्यानं फॉर्म भरायचं ठरवलंय. मला फोन करून सांगितलं, "आत्ती, मी धरलंय. परत यायचं धरलंय. तरी जातोय." वहिनी त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशी उठून त्याच्या मार्कशीटच्या झेरॉक्स काढून आणल्या.

2023 पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग ग्राउंड असा क्रम झालाय, त्यामुळं पळण्यात पुढं असलेली कितीतरी पोरं मैदानापर्यंत पोचतच नाहीत. आता ती परीक्षा मराठीतूनही देता येते, ही फार चांगली गोष्ट झाली. भाच्याचं सामान्यज्ञान पक्कं आहे, विज्ञान बरं आहे, गणितात मात्र वेळ-काम आणि नफा-तोटा आला की तो अडखळतो. दर रविवारी दुपारी तो साताऱ्याला माझ्याकडं येतो. शाळेच्या संगणकावर सराव करायची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून घेतली आहे, आणि त्याच्याबरोबर त्याच्या अकॅडमीतली आणखी चार पोरं यायला लागलीत.